‘रन’ने आणलाय वैताग: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की इंग्रजीतला कुठला साधा, रोजचा शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त छळतो. ‘गेट’चं नाव आलं, ‘सेट’चं आलं, एका काकांनी तर ‘अ‍ॅक्च्युअली’वर दोन पानं राग काढलाय, पण सगळ्यात जास्त पत्रं आणि मेल आले ते ‘रन’वर. त्यामुळे या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांचे मिळून एक केलेत, रागावू नका.

ताई, मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. तिच्या वर्कबुकात एकाच पानावर नदी रन होते, बस रन होते, अंकल दुकान रन करतात आणि एका बाळाचं नाक रन होतं. ती म्हणाली, आई हे सगळेच पळतायत का गं? हसू आलं पण उत्तर देता येईना. शेजारचे सर म्हणतात या एका शब्दाचे सहाशेच्या वर अर्थ आहेत. खरं का? आणि खरं असेल तर पोरांनी पाठ तरी किती करायचं?
— एक आई, सोलापूर

सर बरोबर बोलतायत. ऑक्सफर्डची ती मोठी इंग्लिश डिक्शनरी आहे ना, जिची छापील आवृत्ती वीस खंडांची आहे, दप्तरातली छोटी नाही, तिच्या संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहून काढली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ही २०११ च्या सुमाराची गोष्ट. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ बसले होते. त्याआधी ही गादी ‘सेट’कडे होती, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० च्या आसपास अर्थ आणि ती नोंद सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे एका शब्दावर अख्खी कादंबरी झाली की.

पण हा आकडा ऐकून मुलीला घाबरवू नका. डिक्शनरीवाले अर्थ मोजतात ते फार बारीक मोजतात, म्हणजे दुकान चालवणं वेगळं, मशीन चालवणं वेगळं, पेपरात बातमी चालवणं वेगळं, घोडा शर्यतीत उतरवणं वेगळं, नाकाबंदी चुकवून चोरटा माल नेणं वेगळं, असं करत करत ६४५. आपण बोलताना यातले चार-पाचच गठ्ठे वापरतो.

आता नदी आणि नाकाचं. आपल्याला वाटतं की ‘रन’ म्हणजे मुळात पळणं आणि नदीला ते आपलं लाडाने म्हटलंय. तसं नाहीये. जुन्या काळी ही दोन वेगळी पण सख्खी क्रियापदं होती, इंग्रजीत ती एकमेकांत मिसळून एक झाली. जर्मनमध्ये अजून दोन्ही शाबूत आहेत, ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं आणि ‘रेनेन’ म्हणजे पळणं. म्हणजे वाहणं हा ‘रन’चा घरचाच अर्थ आहे, नदीने तो पळणाऱ्याकडून उसना आणलेला नाही.

मुलीला एवढंच सांगा की ‘रन’ दिसला की आधी कर्ता बघ, रन कोण होतंय ते बघ. पाण्यासारखं काही असेल, नदी, नाक, डोळे, नळ, तर मराठीत वाहतं किंवा गळतं. यंत्र, दुकान, शाळा, कारखाना असेल तर चालतं, आणि कुणी चालवत असेल तर चालवतो. रस्ता, कुंपण, वायर, बोगदा असेल तर जातो, म्हणजे रस्ता नदीकाठाने जातो, तो जागचा हलत नाही तरी इंग्रजीत तो रनच होतो आणि मराठीतही तो ‘जातो’च, तेव्हा इंग्रजांना हसायला आपल्याला तोंड नाही. आणि ज्याला पाय आहेत ते पळतं. एवढ्यावर सातवीचं काम निघतं. राहिलेल्यांत ‘शी इज रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे तिच्या अंगात ताप आहे, आणि ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच आहे, मग तो गोड गळा असो नाहीतर डायबेटिस.

आपली मुलं चुकतात ती खरं तर उलट्या बाजूने. इंग्रजी वाचताना नाही, मराठीतून इंग्रजीत जाताना. आपलं ‘चालणं’ इतकं लांबवर पोचतं की ते दर वेळी ‘रन’मध्ये बसत नाही. ‘मला चहा चालेल’ याचं ‘टी विल रन’ होत नाही. ‘तो फार चालू आहे’ याचं ‘ही इज रनिंग’ केलंत तर समोरचा खिडकीतून बाहेर बघेल, कुठे पळतोय म्हणून. आणि कोल्हापूरच्या ‘चालतंय की’ला तर कुठल्याच भाषेत भाषांतर नाही, ते तिथेच जाऊन ऐकायचं.

किचनचं काम काढलंय. मिस्त्रीने कोटेशन दिलंय त्यात ओट्याचा भाव ‘आरएफटी’ने लावलाय आणि कपाटाचा ‘एसएफटी’ने. विचारलं तर म्हणतो मॅडम रनिंग फूट आहे. हा फूट कुठे पळतो? आणि यात आपण फसतो का?
— डोंबिवलीहून एक वाचक

या सदरात घरकामाचा सल्ला द्यायचा नसतो, पण हा प्रश्न भाषेचा आहे आणि पैशाचापण, म्हणून सविस्तर.

रनिंग फूट म्हणजे नुसत्या लांबीचा फूट. रुंदी किती का असेना, ती भावात धरलेली असते, टेप फक्त लांबीला लावायचा. इथे ‘रन’ म्हणजे सलग जाणं, वरच्या उत्तरातल्या रस्त्यासारखं. ओटा भिंतीच्या कडेकडेने जातो, तो किती फूट ‘जातो’ ते मोजलं की झाला रनिंग फूट. पाइप, स्कर्टिंग, रेलिंग, कंपाउंड वॉल, पडद्याचं कापड, ज्याची रुंदी ठरलेली असते ते सगळं असंच मोजतात, कापडाला रनिंग मीटर म्हणतात एवढाच फरक.

आता हिशोब. समजा ओटा दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. रनिंगने तो दहा फूट, स्क्वेअर फुटाने, म्हणजे एसएफटीने, वीस. म्हणजे १५०० रुपयांचा भाव रनिंगचा असेल तर १५ हजार आणि तोच स्क्वेअर फुटाचा असेल तर ३० हजार. म्हणून दोन मिस्त्रींचे भाव शेजारी ठेवून ‘हा स्वस्त’ म्हणायच्या आधी खाली आरएफटी लिहिलंय की एसएफटी ते बघायचं, तोंडी भावात तर हमखास विचारायचं.

खरी गंमत एल आकाराच्या ओट्यात आहे. एक बाजू आठ फूट, दुसरी सहा, रुंदी दोन. भिंतीच्या बाजूने टेप लावला तर चौदा फूट भरतात. पुढच्या कडेने, म्हणजे तुम्ही जिथे उभं राहून पोळ्या लाटता त्या बाजूने लावला तर सहा आणि चार, दहाच. कोपऱ्यातला तो दोन बाय दोनचा चौकोन भिंतीकडून दोनदा मोजला जातो आणि पुढून एकदाही नाही. त्यामुळे काम सुरू व्हायच्या आधी, आणि कोटेशनवरच, कुठल्या कडेने मोजणार ते लिहून घ्या. नंतर त्यावरून होणारी भांडणं मी चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकलीयत.

जाता जाता, मोठ्या बांधकामात ‘आरए बिल’ असतं ते पण याच घराण्यातलं. रनिंग अकाउंट बिल, म्हणजे काम चालू असताना जेवढं झालं तेवढ्याचं टप्प्याटप्प्याने लावलेलं बिल, शेवटी फायनल बिल वेगळं. आणि पेपरात जाहिरात येते, ‘रनिंग हॉटेल चालवायला देणे आहे’, त्यात रनिंग आणि चालवणं दोन्ही शेजारी बसलेत, कुणाला खटकत नाही, मलाही नाही. तिथे रनिंग म्हणजे गिऱ्हाईक लागलेलं, बंद न पडलेलं. हे अर्थ ऑक्सफर्डच्या मोजणीत कुठे का बसेनात, ‘रनिंग’ आता आपला शब्द झालाय.

सिक्स मारल्यावर कुणीच पळत नाही. मग सहा रन कसे?
— इयत्ता चौथी, जळगाव (आईच्या मेलवरून)

शाब्बास, हा प्रश्न मोठ्यांना पडत नाही. पूर्वी स्कोअर लिहायला कागद नसायचा, एका काठीवर सुरीने खाचा पाडायच्या, एका रनला एक खाच, आणि त्या काळात रनला ‘नॉच’ म्हणजे खाचच म्हणायचे. बॅट्समन एकदा या टोकाकडून त्या टोकाला पळाला की एक. म्हणजे सुरुवातीला रन हे खरंच पळणं होतं, नंतर ते मोजायचं माप झालं. बॉल मैदानाबाहेर गेला की पळायची गरज नाही, पण माप तेच राहिलं, म्हणून न पळता सहा. नो बॉल टाकला तर समोरच्याला फुकटात एक मिळतो, तोपण रनच.

आणि उलटंही होतं बरं का, पूर्वी बॅट्समनला लागलं असेल तर त्याच्याऐवजी दुसरा कुणी पळायचा, त्याला रनर म्हणायचे, म्हणजे पळायचा एक आणि रन लागायचे दुसऱ्याच्या नावावर. आयसीसीने इंटरनॅशनल मॅचमधून २०११ च्या ऑक्टोबरपासून रनर बंद केला. तुमच्या सोसायटीत चालू असेल तर असू दे.

‘रन’ हा, ती की ते? आमच्या ऑफिसात एक जण म्हणतो ‘एक रन काढला’, दुसरी म्हणते ‘एक रन काढली’.
— पुणे

दोन्ही चालतं, मी ‘काढला’वाली. ‘काढली’ म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक ‘धाव’ असते, ती स्त्रीलिंगी, म्हणून रनही तिच्या मागोमाग. बाळ ज. पंडितांची रेडिओवरची मराठी कॉमेंट्री ज्यांनी ऐकलीय त्यांच्या कानात ‘धावा’, ‘धावफलक’ बसलेले आहेत. ‘रनिंग’ मात्र पक्की स्त्रीलिंगी झालीय, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, ‘सकाळची रनिंग झाली का’ असंच म्हणेल, त्याला सोळाशे मीटर काढायचे असतात, व्याकरणाला वेळ नसतो.

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिलाही ‘धाव’ म्हणतात, हे नव्या पिढीला माहीत नसतं म्हणून सांगून ठेवते.

मुलाकडे न्यू जर्सीला आलेय. इथे सगळे सारखे रनच करत असतात. शेजारीण गप्पा मारता मारता मध्येच ‘आय हॅव टू रन’ म्हणते आणि निवांत चालत गाडीत बसते. सून दुकानात ‘रन टू द स्टोअर’ करते, तेपण गाडीनेच. आणि गल्लीत पाट्या लागल्यात, अमका स्कूल बोर्डसाठी रन करतोय. शाळेसाठी पळतोय म्हणजे मॅरेथॉन का?
— एक आजी, सध्या मुक्काम एडिसन

आजी, तुमचं पत्र वाचून ऑफिसात सगळे खूश झाले.

‘आय हॅव टू रन’ म्हणजे आपलं ‘चला, पळते आता’. आपणही म्हणतोच की, आणि म्हटल्यावर उंबऱ्यात उभं राहून अजून पंधरा मिनिटं बोलतो, त्यापेक्षा ती शेजारीण बरी. ‘रन टू द स्टोअर’ म्हणजे पटकन जाऊन येणं, त्यात पाय लागत नाहीत.

पाटीवरचा माणूस निवडणूक लढवतोय. हा खास अमेरिकन वापर आहे. ब्रिटिश लोक निवडणुकीला ‘स्टँड’ होतात, म्हणजे उभे राहतात, आणि आपणही ‘उभे’च राहतो. अमेरिकेत ते पळतात. एकाच कामासाठी एक देश उभा आणि एक पळतोय. तिकडे राहून हे बघायला मिळालेलं मराठी उदाहरणपण आहे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ते २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी रन झाले, पक्षातल्याच निवडणुकीत हरले, मग २०२२ मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे तिकडच्या संसदेसाठी रन झाले आणि निवडून आले. मराठी बातम्यांत मात्र ते दोन्ही वेळा ‘उभे’च होते. आणि तिकडच्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीत ‘रनिंग मेट’ हा शब्द ऐकलात तर तो जॉगिंगचा पार्टनर नाही, प्रेसिडेंटच्या उमेदवाराबरोबर व्हाइस प्रेसिडेंटला जो असतो तो.

सुनेच्या मोज्याला ‘रन’ गेला म्हणाली तर घाबरू नका, त्या पातळ लांब मोज्यांचा धागा सुटून उभी रेघ जाते त्याला अमेरिकेत रन म्हणतात. इंग्लंडात त्यालाच ‘लॅडर’ म्हणतात, शिडी. बघितलीत तर शिडीसारखीच दिसते, हा मान ब्रिटिशांना द्यायला हवा.

साडीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम धिस कलर इज फास्ट, इट विल नॉट रन’. फास्ट आहे आणि पळणार नाही, हे कसं काय?
— नाशिक

मुलगा अगदी बरोबर बोलला. इथे ‘फास्ट’ म्हणजे जलद नाही, घट्ट, पक्का. ‘फास्ट अस्लीप’मधला फास्ट तो हाच, गाढ झोपलेला. आणि ‘रन’ म्हणजे रंग जाणं, पाण्यात सुटून दुसऱ्या कपड्यावर पसरणं. दोन्ही शब्द पळण्याचे आणि वाक्याचा अर्थ ‘जागचा हलणार नाही’.

रंग पक्का आहे का ते इंग्रजीवर अवलंबून ठेवू नका. पदराच्या आतल्या कोपऱ्याला पांढरा ओला रुमाल दाबून बघा.

इकॉनॉमिक्सच्या क्लासला ‘बँक रन’ आलं. सरांनी व्याख्या सांगितली, पण लोक बँकेत पळत जातात म्हणून रन, की बँक पळून जाते म्हणून?
— अकोला, एफवायबीकॉम

प्रश्न अकोल्याहून आलाय हे फारच बरोबर झालं.

लोक बँकेवर तुटून पडतात म्हणून रन. बँक तुमचे पैसे तिजोरीत तसेच ठेवत नाही, बहुतेक कर्जाने दिलेले असतात, रोजच्या गरजेपुरती रोकड हाताशी असते. रोज काही जण काढतात, काही जण भरतात, भागतं. पण एक दिवस कुणीतरी म्हणतं की बँक बुडणार, आणि सगळेच काढायला येतात. तेव्हा बुडत नसलेली बँकही बुडू शकते, कारण कर्जं एका दिवसात वसूल होत नाहीत. आणि जो रांगेत आधी त्याला मिळतात, उशिरा येणाऱ्याला नाही, म्हणून खरोखर पळतच जावं लागतं. तेव्हा अफवेवर विश्वास नसलेला माणूसपण रांगेत लागतो, कारण बाकीच्यांचा आहे हे त्याला दिसत असतं. या शब्दाच्या सगळ्या अर्थांत हा मला सगळ्यात भीतीदायक वाटतो.

आता अकोल्याचं. १९६० साली दोन बँका बुडाल्या त्यांचं नाव सगळ्या पुस्तकांत येतं, एक केरळातली पलई सेंट्रल बँक आणि दुसरी तुमच्या गावची लक्ष्मी बँक. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर विचारून बघा. त्यातून देशात हालचाल झाली, ठेवींना विम्याचं संरक्षण देणारा कायदा १९६१ मध्ये आला आणि १ जानेवारी १९६२ पासून डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशन सुरू झालं. तेव्हा एका ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत हमी होती, फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. विमा असतो तो नुसता नुकसानभरपाईसाठी नाही, लोकांनी पळू नये म्हणून असतो.

आणि हल्ली पळावं लागतच नाही. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लावले, बहुतेकांनी फोनवर आणि लॅपटॉपवर बसल्या जागी, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. पाय नाहीत तरी रन. परीक्षेत हे उदाहरण लिहा, मार्क मिळतील.

मुलगा इंटरव्ह्यूला गेला होता. ‘उशीर का झाला’ विचारल्यावर म्हणाला, ‘सर, आय रॅन ओव्हर माय प्रोफेसर अ‍ॅट द स्टेशन’. सगळे हसले. तो अजून विचारतोय काय चुकलं.
— एक बाबा, नागपूर

त्याला म्हणायचं होतं ‘रॅन इंटू’, म्हणजे अचानक गाठ पडली. ‘रॅन ओव्हर’ म्हणजे प्रोफेसरांच्या अंगावर गाडी घातली. उशिराचं कारण म्हणून ते जास्त पटण्यासारखं आहे, पण नोकरी मिळणार नाही.

‘रन’चा खरा त्रास इथेच आहे, त्या ६४५ मध्ये नाही. मागे जे शेपूट लागतं, इंटू, ओव्हर, आउट, डाउन, त्याने अर्थ फिरतो आणि नियम असा काही नाही. त्यातून एकच शेपूट दोन-तीन कामं करतं. मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे वेळेपेक्षा लांबली. बॅटरी ‘रन डाउन’ म्हणजे उतरली, इमारत ‘रन डाउन’ म्हणजे मोडकळीला आलेली, आणि माणसाला ‘रन डाउन’ केलं म्हणजे नावं ठेवली. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली, आणि बॅट्समन रन आउट झाला म्हणजे, ते आपल्याला सांगायला नको. बिल ‘रन अप’ होतं म्हणजे वाढत जातं. हिंजवडीतले लोक सारखे म्हणतात ‘लेट मी रन इट बाय यू’, म्हणजे एकदा तुमच्या कानावर घालतो, बघा आणि हो म्हणा.

‘रन अवे’ मात्र आपल्यासारखंच आहे. पोरगी पळून गेली म्हटलं की मराठीतही ती धावत होती असं कुणी समजत नाही.

मुलाला सांगा, शेपटासकट पूर्ण वाक्य पाठ कर, एकट्या शब्दाची यादी करू नकोस. आणि शंका आली तर ‘मेट’ म्हण. प्रोफेसर भेटले, विषय संपला.

‘ड्राय रन’ला मराठीत काय म्हणावं? कोरोनाच्या वेळी पेपरात सारखं यायचं.
— जालना

जालन्याला आठवणारच, २ जानेवारी २०२१ ला राज्यात लसीकरणाचा ड्राय रन झाला तो पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांत. लस टोचायची नाही, बाकी सगळं खऱ्यासारखं, नाव नोंदवणं, बसवणं, अर्धा तास थांबवणं. काही पेपरांनी ‘रंगीत तालीम’ छापलं आणि ते फार छान बसलं, नाटकवाल्यांचा शब्द आहे, वेशभूषा, दिवे सगळं असतं, नसतो फक्त प्रेक्षक. ‘सराव फेरी’पेक्षा शंभर पटीने बरं. ड्राय डेशी याचा संबंध नाही, असंही एकाने विचारलंय.

ताई, इंग्रजीचं कौतुक पुरे. आपल्या मराठीत आहे का असा एखादा शब्द?
— सातारा

आहे की. ‘लागणे’. आणि मला विचाराल तर तो ‘रन’च्या तोंडात मारेल.

भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, उचकी लागते. आग लागते, नोकरी लागते, लॉटरी लागते, निकाल लागतो, सिनेमा लागतो, ग्रहण लागतं, झाडाला आंबे लागतात, पोराला व्यसन लागतं आणि म्हातारपणी नामाचा छंद लागतो. दार लागतं म्हणजे बंद होतं, दिवा लागतो म्हणजे सुरू होतो, म्हणजे एकच क्रियापद बंद आणि चालू दोन्हींना. भात लागला म्हणजे खाली करपला. फोन लागत नाही. मन लागत नाही. तो तुझा कोण लागतो? घाट लागला की रस्ता अरुंद होतो. बोलणं लागलं म्हणजे मनाला बोचलं. पैसे लागतील म्हणजे खर्च आहे, वेळ लागेल म्हणजे थांबा. जायला लागलो म्हणजे सुरुवात केली, जावं लागलं म्हणजे नाइलाज झाला, यात फक्त मागच्या क्रियापदाचं रूप बदललं आणि अर्थ खुशीतून सक्तीवर गेला. इंग्रज माणसाला हे शिकवून बघा एकदा.

मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली काढला, दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यात ‘लागणें’ची नोंद उघडून बघा, लांबलचक आहे.

आणि माझं लाडकं, ‘गाडी लागली’. एसटी स्टँडवर कंडक्टर ओरडतो ‘साताऱ्याची गाडी लागलीय’, म्हणजे फलाटाला येऊन उभी राहिली. त्याच गाडीत महाबळेश्वरच्या वळणांवर आई म्हणते ‘हिला गाडी लागते हो, खिडकी द्या’, म्हणजे मळमळतं. आणि घाटाखाली ‘पुढच्याला गाडी लागली’ म्हणजे धक्का बसला. तिन्ही वाक्यं एकाच प्रवासात ऐकू येतात आणि तीन वर्षांचं पोरपण गोंधळत नाही, पिशवी मागायची ती बरोबर दुसऱ्याच वेळी मागतं.

पुढच्या महिन्यात ‘सेट’ घेतोय. प्रश्न पाठवताना नुसता शब्द पाठवू नका, जिथे वाचला किंवा ऐकला ते पूर्ण वाक्य पाठवा. ‘अ‍ॅक्च्युअली’वाल्या काकांचं पत्र जागेअभावी राहिलं, ते त्याच अंकात.